कुकी एक्स्चेंज म्हणजे काय आणि ती घरी कशी करायची?

डिसेंबर लागला की रील्समध्ये एक दृश्य हमखास दिसतं. लांबलचक टेबल, त्यावर आठ-दहा प्रकारच्या कुकीजच्या थाळ्या आणि हातात रिकामे डबे घेऊन टेबलाभोवती फिरणारी माणसं. प्रत्येक थाळीतून मोजून तेवढ्याच कुकीज उचलल्या जातात. खाली कमेंट ठरलेली: "एवढे प्रकार एकटीने कधी केले?"

एकटीने केलेलेच नसतात. टेबलावर दहा थाळ्या असतील तर त्या दहा घरांतून आलेल्या असतात. प्रत्येकाने एकच प्रकार, पण भरपूर केलेला असतो, आणि घरी जाताना प्रत्येकाच्या डब्यात दहाही प्रकार असतात. याला कुकी एक्स्चेंज किंवा कुकी स्वॅप म्हणतात. हा प्रकार मूळचा अमेरिकेतला, नाताळच्या आधीच्या आठवड्यांतला. आता पुण्या-मुंबईत, नाशिकातही मित्रमैत्रिणींचे ग्रुप तो करून बघतायत. रील पाहून तो सोपा वाटतो, पण करायला घेतला की गणित, अंडं आणि दाण्याचं कूट या तीन ठिकाणी गाडी अडकते. म्हणून जरा नीट समजून घेऊ.

हे आलं कुठून?

'कुकी' हा शब्द मूळचा डच. डच भाषेत 'कूकये' म्हणजे छोटा केक. न्यूयॉर्क जेव्हा न्यू ॲमस्टरडॅम होतं, तेव्हाच्या डच वसाहतवाल्यांकडून तो अमेरिकन इंग्रजीत रुळला. इंग्रज मात्र बिस्किटच म्हणत राहिले आणि आपण त्यांच्याकडून बिस्किट घेतलं. गंमत म्हणजे आपल्या नानकटाईची जी गोष्ट सांगितली जाते तीही डच लोकांपाशीच जाते. सुरतेत डच व्यापाऱ्यांसाठी पाव भाजणारी भट्टी होती, ते गेल्यावर ती पारशी दोटीवालांकडे आली आणि तिथून नानकटाई घडत गेली, असं सांगतात.

अमेरिकेत नाताळच्या कुकीज पोहोचल्या त्या जर्मनी आणि उत्तर युरोपातून गेलेल्या कुटुंबांबरोबर. तिकडे एक प्रकार करून भागत नाही. स्वीडनमध्ये तर पाहुण्यांपुढे कॉफीबरोबर सात प्रकारच्या कुकीज ठेवायची पद्धत होती आणि 'सात प्रकारच्या कुकीज' याच अर्थाचं नाव असलेलं पाककृतींचं पुस्तक तिथे १९४५ साली निघालं. आता सात प्रकार म्हणजे सात वेळा पीठ मळणं, सात वेळा भांडी घासणं. एकच पीठ जास्त करून भाजणं त्या मानाने कितीतरी सोपं. कुकी एक्स्चेंजचं सगळं तर्कशास्त्र एवढंच आहे.

मग फराळाचं ताट वेगळं काय?

हा प्रश्न मराठी घरात येणारच. क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं फराळाचं ताट शेजारी जातं आणि ते रिकामं परत येत नाही, हे आपण लहानपणापासून बघितलंय. गोव्यात ख्रिस्ती कुटुंबं नाताळात नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, बेबिंक असा कुस्वार करतात आणि तोही ताटात भरून शेजारीपाजारी, हिंदू घरांतसुद्धा जातो.

फरक असा की फराळात सगळ्यांकडे साधारण तेच असतं. तुमची चकली त्यांच्याकडे, त्यांची चकली तुमच्याकडे, मग दोन्ही घरांत तुलना. (ती मोठ्याने होत नाही, पण होते.) कुकी एक्स्चेंजमध्ये तोच प्रकार दोनदा आणायचा नाही हा पहिला नियम.

त्याहून जवळचं नातं चाळीतल्या करंज्यांशी आहे. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, असं करत चार घरच्या बायका मिळून सगळ्यांच्या करंज्या उरकायच्या. तिथे वाटले जायचे ते हात, इथे वाटला जातो तयार माल.

आणि फराळात एक गोष्ट आहे जी कुकी एक्स्चेंजमध्ये नाही. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं तिथे दिवाळीला कढई चढत नाही, फराळ नातेवाईक आणि शेजारी नेऊन देतात. तिथे परतफेडीचा हिशोब कुणी ठेवत नाही. एक्स्चेंज मात्र हिशोबावरच चालते. त्यामुळे ग्रुपमधल्या कुणाला यंदा जमणार नसेल, परीक्षा असेल, बाळ लहान असेल, तर तिला एक्स्चेंजमध्ये ओढू नका. सरळ तिच्यासाठी एक डबा वेगळा भरा.

आधी गणित

जुना अमेरिकन नियम म्हणजे प्रत्येक पाहुण्यामागे एक डझन. आठ जण असतील तर प्रत्येकाने ९६ कुकीज करायच्या. तिकडच्या मोठ्या ओव्हनमध्ये एका वेळी दोन मोठे ट्रे जातात, म्हणून ते जमतं. आपल्याकडच्या २५-३० लिटरच्या ओटीजीमध्ये एका ट्रेवर नीट अंतर सोडून साधारण १२ कुकीज मावतात. ९६ म्हणजे आठ खेपा. तिसऱ्या खेपेला उत्साह संपतो, सहाव्या खेपेला कुकीज करपतात.

म्हणून सहा माणसं आणि प्रत्येकी सहा नग हे प्रमाण आपल्याला बरं पडतं. इतर पाच जणांसाठी ३०, स्वतःसाठी ६, तिथल्या तिथे चाखायला ६. झाल्या ४२. वर सहा तुटतील किंवा करपतील असं धरा आणि ४८ करा, म्हणजे बरोबर चार ट्रे. एका खेपेला पंधरा ते अठरा मिनिटं धरली तर ओव्हन तापवण्यापासून शेवटचा ट्रे काढेपर्यंत दीड तास लागतो. घरी जाताना प्रत्येकाच्या डब्यात सहा प्रकारच्या ३६ कुकीज.

आयत्या वेळी एकाने टांग दिली तर? तर बाकी पाच जणांकडे प्रत्येकी सहा कुकीज उरतात, त्या चाखण्याच्या थाळीत घाला. येणं जमत नसेल पण भाजून झालं असेल, तर डबा कुणाबरोबर तरी पाठवायचा आणि त्या व्यक्तीचा वाटा त्याच डब्यातून परत जायचा. हे आधीच ग्रुपवर लिहून ठेवा. नंतर सांगायला अवघड जातं.

"अजून एका मैत्रिणीला आणू का?" हा मेसेज आदल्या रात्री येतो. उत्तर: चहाला जरूर आण, वाटणीत नाही. सातवं माणूस वाढलं की प्रत्येकाला सहा कुकीज जास्त कराव्या लागतात, म्हणजे ओव्हनची आणखी अर्धी खेप.

कोण काय करणार

व्हॉट्सॲपवर एक यादी टाका, ज्याने आधी लिहिलं त्याचा तो प्रकार. आम्ही पहिल्या वर्षी "सरप्राइज ठेवू या" म्हणालो आणि सहापैकी तिघी चॉकलेट चिप घेऊन आल्या. तिन्ही चांगल्या होत्या, पण घरी अठरा चॉकलेट चिप नेऊन काय करायचं?

यादी करताना चवींपेक्षा पोतांकडे बघा. दोन खुसखुशीत, दोन मऊ, एखादा कडक आणि एखादा ज्यात चॉकलेटचा लवलेश नाही. आपल्याकडचे प्रकार बिनधास्त घ्या. नानकटाई ही सगळ्या अर्थांनी कुकी आहे. नाचणीची बिस्किटं चालतात, जिऱ्याची खारी बिस्किटं तर टेबलावर गोडाचा कंटाळा आला की आधी संपतात. भरलेल्या क्रीमच्या, फ्रीजमध्ये ठेवाव्या लागणाऱ्या किंवा हात लावताच मोडणाऱ्या वस्तू टाळा. डबा रिक्षातून घरी जाणार आहे हे लक्षात ठेवा.

विकत आणलेलं चालेल का? आमच्याकडे यावर वाद झाला. माझं मत: नाही. एकाने दीड तास ओव्हनपुढे उभं राहायचं आणि दुसऱ्याने बेकरीतून किलोभर आणायचं, हे पहिल्या वर्षी हसण्यावारी जातं, दुसऱ्या वर्षी जात नाही. ज्याला भाजता येत नाही त्याने चहा-कॉफी, डबे आणि पुसापुशी अंगावर घ्यावी आणि त्या बदल्यात पूर्ण वाटा न्यावा. अनुभव असा की आमच्या ग्रुपमधले दोघे मित्र लगेच याच कामाला तयार झाले. पुढच्या वर्षी त्यांना नानकटाई करायला लावायची असं ठरलंय.

अंडं आहे की नाही?

अमेरिकन पाककृतींमध्ये अंडं गृहीत असतं, आपल्याकडे नसतं. त्यात बहुतेक वर्षी डिसेंबरचा बराच भाग मार्गशीर्षात येतो. एरवी अंडं खाणारी कितीतरी घरं हा महिना पाळतात, गुरुवारी तर उपासच असतो. म्हणून दोन गोष्टी: तारीख गुरुवारची नको, आणि अंड्याचा प्रश्न यादी करतानाच मिटवा. "थोडंसंच आहे, कळणार पण नाही" हे उत्तर नाही. पाकिटावरच्या खुणेच्या नियमांतही अंडं असलेला पदार्थ मांसाहारी धरला जातो, त्यावर हिरवी खूण लावता येत नाही.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मुळातच अंडं न लागणारे प्रकार निवडणं. शॉर्टब्रेड हे त्याचं उत्तम उदाहरण. वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा, बस. १०० ग्रॅम पिठीसाखर, बटरचे १०० ग्रॅमचे दोन तुकडे आणि ३०० ग्रॅम मैदा घेतला की २० ग्रॅमच्या तीस कुकीज होतात. आपलं नेहमीचं बटर खारं असतं, त्यामुळे वेगळं मीठ घालू नका.

एकाच टेबलावर दोन्ही ठेवायच्या असतील तर अंड्याच्या थाळ्या टेबलाच्या एका टोकाला, त्यांचा चिमटा वेगळा आणि डबेही वेगळे.

दाण्याचं कूट आणि मिक्सरचं भांडं

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण इथे चूक झाली तर ती नुसती रुसव्याफुगव्याची राहत नाही.

अमेरिकेत पाकिटबंद पदार्थांवर नऊ ॲलर्जीकारक घटक ठळक सांगावे लागतात: दूध, अंडी, मासे, कवचधारी समुद्री जीव, झाडावरचा सुकामेवा म्हणजे बदाम-अक्रोड-काजू वगैरे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि २०२३पासून तीळ. यातला मासळीचा भाग सोडला तर बाकी सातही घटक कुकीत सहज असू शकतात.

आपल्याकडे ॲलर्जीबद्दल विचारलं की "नखरे" म्हणायची सवय आहे. पण मराठी स्वयंपाकघरात शेंगदाणा कुठे नसतो? खिचडीत, कोशिंबिरीत, भाजीत. आणि ते कूट ज्या मिक्सरच्या भांड्यात होतं, त्याच भांड्यात कुकीसाठी साखर दळली जाते. तुमच्या नानकटाईत दाणा नाही, हे तुम्ही प्रामाणिकपणे सांगता. पण पिठीसाखर त्या भांड्यातून आलीय. ज्याला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे त्याला तेवढा अंशही पुरतो. आमच्यातल्या एकीने प्रत्येक थाळीपुढे थांबून हाच प्रश्न विचारला, "साखर कशात दळलीस?" सहापैकी चौघींना उत्तर द्यायला आठवावं लागलं.

यावर उपाय अवघड नाहीत. निमंत्रणाच्या मेसेजमध्येच विचारा: कुणाला काय चालत नाही? एखाद्याला गंभीर ॲलर्जी असेल तर तो घटक सगळ्यांनीच त्या दिवसापुरता वगळा. पिठीसाखर विकत आणा, किंवा मिक्सरचं भांडं, झाकण आणि रबर साबणाने स्वच्छ धुऊन, वाळवून मगच वापरा. तरीही खात्री नसेल तर चिठ्ठीवर तसं लिहा. आणि चुकून खाण्यात आलंच, अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी मुलांच्या शाळेत काही पाठवण्याआधी तिथले नियम बघावेत. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांमध्ये दाणे-सुकामेव्यावर बंधनं असतात आणि आपली नानकटाई तर माथ्यावर बदाम-पिस्ता लावल्याशिवाय सजत नाही.

प्रत्येक थाळीपुढे चिठ्ठी हवी: पदार्थाचं नाव, सगळे घटक, अंडं आहे की नाही, कधी केलं, किती दिवसांत संपवायचं. सुंदर अक्षर ऐच्छिक.

४८ नानकटाया

पहिल्यांदाच करत असाल तर नानकटाई घ्या. अंडं नाही, साचा नाही, आणि बिघडली तरी खाल्ली जाते.

मैदा ३६० ग्रॅम, बेसन ८० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, थिजलेलं तूप २७० ग्रॅम, पिठीसाखर २०० ग्रॅम. एक चमचा वेलचीपूड, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. याच्या २० ग्रॅमच्या ४८ गोळ्या होतात. स्वयंपाकघराचा वजनकाटा असेल तर नक्की वापरा, गोळ्या सारख्या झाल्या की सगळ्या एकाच वेळी भाजून होतात.

तूप पातळ नको. तूप आणि साखर फिकट, हलकी होईपर्यंत फेसायची, मग पिठं चाळून त्यात घालायची आणि फक्त गोळा होईपर्यंत एकत्र करायची. पोळीच्या कणकेसारखं मळलंत की नानकटाई दगड होते. गोळ्या पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. मुंबईत डिसेंबरच्या दुपारीही तूप सैल पडतं आणि तसेच भाजले तर गोळे पसरतात. १६० ते १७० अंश सेल्सिअसला पंधरा ते अठरा मिनिटं. ओव्हनमधून काढताना ती मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. "अजून कच्ची आहे" म्हणून पुन्हा आत ढकलू नका. आणि कितीही मोह झाला तरी कच्चं पीठ चाखू नका, मैदा हा न शिजवता खाण्याचा पदार्थ नाही.

अमेरिकन पाककृती वापरत असाल तर तीन आकडे लक्षात ठेवा. तिकडची बटरची एक 'स्टिक' ११३ ग्रॅमची, आपला छोटा तुकडा १०० ग्रॅमचा. ३५० अंश लिहिलंय ते फॅरनहाइट, म्हणजे आपले १७५ ते १८०. कपभर मैदा म्हणजे साधारण १२० ते १२५ ग्रॅम. शिवाय आपली साखर जाड असते, ती थोडी दळून घेतली तर नीट मिसळते.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून नानकटाई भाजता येते, पण एका वेळी सहा-आठच होतात. ४८ नगांना अख्खी दुपार जाईल. त्यापेक्षा शंकरपाळी तळून आणा, वाटणी नगावर न करता वाटीने करा.

त्या दिवशी, आणि नंतर

पीठ आधी करून ठेवता येतं. गोळ्या घट्ट डब्यात फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगल्या राहतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या एखाद्या रविवारी पीठ आणि आदल्या दिवशी फक्त भाजणं असं विभागता येतं. भाजलेल्या कुकीज पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की खुसखुशीतपणा गेला.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला दोन तास पुरतात. थाळ्या मांडायच्या, फोटो काढायचे (ते होणारच, म्हणून आधीच उरका), चहाबरोबर चाखायचं आणि मग एका दिशेने टेबलाभोवती फिरत प्रत्येक थाळीतून सहा उचलायच्या. डबे प्रत्येकाने घरून आणायचे. निदान दोन.

दोन का, तर पहिल्या वर्षी मी सगळ्या कुकीज एकाच स्टीलच्या डब्यात घातल्या. मऊ ब्राउनी कुकीजचा ओलावा नानकटाईने शोषला आणि सकाळी नानकटाई लिबलिबीत, ब्राउनी कोरडी. खुसखुशीत आणि मऊ प्रकार वेगळे ठेवावेच लागतात. पुदिन्याचा किंवा आल्याचा प्रकार असेल तर तोही निराळा, नाहीतर त्याचा वास सगळ्यांना लागतो. मऊ कुकीजच्या डब्यात ब्रेडचा एक तुकडा ठेवला तर त्या मऊ राहतात, ब्रेड वाळतो. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर बहुतेक प्रकार छान टिकतात.

पाककृती फोटो काढून ग्रुपवर टाका, कारण चार दिवसांनी कुणीतरी विचारतंच. आणि एखादीने तुमची थाळी बघून "विकायला का नाही सुरू करत?" असं म्हटलं, तर मैत्रिणींत वाटणं वेगळं आणि पैसे घेऊन विकणं वेगळं. घरून विकायचं असेल तर एफएसएसएआयची नोंदणी लागते.

डब्याच्या तळाशी जो चुरा उरतो तो टाकू नका. सहाही प्रकारांचा चुरा एकत्र करून व्हॅनिला आइस्क्रीमवर घातला की झालं. अंड्याच्या डब्यातला चुरा तेवढा वेगळा ठेवा.